लायसन्सबाहेरचं मशीन

साहेबांनी विचारलं, "मग मॅडम, कुठलं घ्यायचं?" आणि नेमका तेव्हाच माझ्या लॅपटॉपवरचा सगळ्यात खालचा हिरवा ठिपका राखाडी झाला. समोर भिंतीवरच्या पडद्यावर बाकीची मशीनं दिसत होती, दुकानांतली, कारखान्यातली, आणि तळघरातल्या त्या एका धिप्पाड मशीनच्या पोटात राहणारे आभासी सर्व्हर. तिथं सगळं हिरवंगार. राखाडी झालेलं एकच, आणि ते कंपनीचं नव्हतंच. ते अप्पांचं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहतात, आणि त्यांच्या टेबलावरचं जुनं कॉम्प्युटर मी कंपनीच्या टूलला जोडून ठेवलंय, हे मीटिंगच्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. "सांगते," मी म्हणाले. एसीचा वारा थेट मानेवर येत होता आणि मी खुर्ची सरकवत नव्हते, कारण सरकवली तर लॅपटॉप हलेल आणि हलला तर शेजारच्याला दिसेल, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात चाललेलं. अपडेट आलं असेल, मशीन आपोआप बंद होऊन चालू होत असेल. वीज गेली असेल. पण ठिपका लगेच राखाडी होत नाही, हे मीच गेल्या आठवड्यात सगळ्यांना ऐटीत समजावून सांगितलं होतं. मशीनकडून बराच वेळ काही आलं नाही की मगच तो रंग बदलतो. म्हणजे जे काही झालं होतं ते होऊन गेलं होतं.

आमची कंपनी चष्म्याच्या काचा करते. गावोगाव दुकानं आहेत, प्रत्येक दुकानात दोन-तीन कॉम्प्युटर, आणि त्यांतलं एक जरी रुसलं तरी तिथला माणूस मला असा फोन करतो, जसं काही मीच त्याची वायर उपटून आले आहे. इतकी वर्षं मी ही मशीनं एकेक करून सांभाळली. मग एका दुकानात जुनाट मशीनमधून व्हायरस घुसला, तिथून सगळीकडे पसरला, आणि साहेबांना एकदम साक्षात्कार झाला की आपल्याकडे हे सगळं एका जागेवरून बघणारं टूल हवं. अशा टूलचा एक छोटा प्रोग्रॅम, एजंट म्हणतात त्याला, प्रत्येक मशीनमध्ये जाऊन बसतो आणि थोड्या थोड्या वेळानं "मी आहे" म्हणून कळवत राहतो. चाळून चाळून शेवटी दोन टूल उरली होती. पहिलं डोकी मोजायचं: जितकी मशीनं तितकी लायसन्स, आभासी सर्व्हरचंही डोकं धरायचं, चाचणीपुरती त्याची नक्कल काढली तर तिचंसुद्धा. पण ते जाणतं होतं. कुठला सर्व्हर कुणाच्या पोटात आहे ते त्याला कळायचं, अपडेट करण्याआधी ते मागे फिरण्याची सोय करून ठेवायचं. दुसरं हात मोजायचं: टूल चालवणारी माणसं किती, एवढाच त्याचा प्रश्न, मशीनं कितीही जोडा, पुढचं काही विचारत नाही. मात्र खरं मशीन आणि आभासी मशीन यांतला फरक त्याला उमगत नव्हता, आणि एखाद्या सर्व्हरची नक्कल काढली तर ते दोघांना एकच समजायचं. सध्या चाचणीसाठी हेच सगळीकडे लावलेलं होतं, आणि मागच्या महिन्यात तसंच झालं. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर ज्याच्यावर असतात तो सर्व्हर सकाळीच मान टाकून पडलेला, त्याची नक्कल मात्र कोपऱ्यात श्वास घेत होती, म्हणून पडद्यावर हिरवं, आणि इकडे दुकानं बोंबलतायत. शहाण्या माणसानं डोळे झाकून पहिलं घेतलं असतं. आणि मी इतके दिवस हट्टानं दुसऱ्याची बाजू मांडत होते.

दुसऱ्याचा विक्रेता समोरच बसला होता. त्याला मी मनात गोडबोल्या म्हणते. माझ्या हट्टाचा अर्थ त्यानं आपल्या वाणीचा प्रभाव असा लावला होता, बिचारा. मला पाहिजे होतं ते वेगळंच. पहिल्यात डोकी मोजतात, म्हणजे अप्पांचं डोकंही मोजलं जाणार, आणि कधी ना कधी कुणीतरी विचारणार की हे कुठलं दुकान हो, शटर उघडत नाही, गिऱ्हाईक नाही, फक्त मशीन चालू. दुसऱ्यात अप्पा गर्दीत खपून गेले असते. आपण कंपनीचं टूल आपल्या बापासाठी निवडतोय हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि वळत नव्हतं. मी तरी काय, कारणं देत होते. पुढे दुकानं वाढतील, तेव्हा डोकी मोजणारं परवडणार नाही, नाकापेक्षा मोती जड होईल. साहेबांना म्हणी आवडतात, त्यांनी मान डोलावली होती.

जोडलं तेव्हा खरंच मनात काही नव्हतं. आमच्या धंद्यात नवं काही आलं की आधी घरच्या मशीनवर चालवून बघतात. बिघडलं तर शिव्या घरच्याच खायच्या. ऑफिसच्या नेटवर्कबाहेरचं एक मशीन हवं होतं. रविवारी अप्पांकडे गेले, त्यांनी चष्मा वर करून विचारलं, काय घालतेयस त्याच्यात, आणि मी म्हणाले, काही नाही, मशीन नीट राहील. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पडदा उघडला तर दुकानांच्या रांगेखाली, मी त्याच्यासाठी केलेल्या वेगळ्या गटात, तो ठिपका. हिरवा. मला इतकं बरं वाटलं की मीच चपापले. आई गेल्यापासून मी अप्पांना रोज सकाळी फोन करायचे. जेवलात का, औषध घेतलंत का, पायाची सूज कशी आहे. त्यांची उत्तरं माझा प्रश्न संपायच्या आत यायची. मग मी म्हणायचे बरं ठेवते, आणि ते म्हणायचे ठेव, ठेव, तुला काम असेल. फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटायचं आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची दिवसभर टोचणी. ठिपक्याची टोचणी नव्हती. ऑफिसात पोचायचं, पडदा उघडायचा, आधी खाली बघायचं. आहेत. मग चहा. फोन एक दिवसाआड झाला, मग आठवड्यानं, मग कधीतरी. नवऱ्यानं एकदा विचारलं, हल्ली अप्पांशी बोलणं होत नाही का. बरे आहेत ते, मी म्हणाले. तो म्हणाला, कशावरून? मी म्हणाले, कळतं मला. तो उठून टीव्ही लावायला गेला. माझ्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही, हे त्याला लग्नानंतर लवकरच समजलं होतं.

गोडबोल्या बोलत होता. सुरक्षितता, सुलभता, सगळे शब्द तुपात घोळवलेले. मी टेबलाखाली अप्पांना फोन लावला आणि मांडीवर ठेवून बघत राहिले. वाजतोय, वाजतोय, बंद. पुन्हा. अप्पा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. आम्ही लहान असताना दुपारी घरचा फोन वाजायचा, आई हात पुसत धावायची आणि पलीकडे अप्पा म्हणायचे, काही नाही, लाइन बघत होतो. आई चिडायची. लाइनच बघा, म्हणायची, घरात माणसं आहेत ती नका बघू. मला तेव्हा गंमत वाटायची. शाळेतून लवकर आलेल्या दिवशी मी मुद्दाम फोनजवळ बसून राहायचे, की लाइन बघायला आले तर मी उचलीन, आणि एकदा खरंच उचलला तेव्हा ते म्हणाले, कोण, तू होय, बरं बरं, आणि ठेवून दिला. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून बसले होते बराच वेळ. त्याचा काळा जड वास, थोडा आईच्या पावडरीचा. आता मांडीवरचा कॉल तिसऱ्यांदाही कुणी न उचलता बंद झाला.

आणखी एक होतं. ठिपक्यावरून टूलमधून त्या मशीनचा पडदाही बघता येतो. दुकानांसाठी ती सोय साहेबांना हवी होती, आणि बघताना तिथं वरती जी सूचना उमटते ती उमटू नये असंही त्यांनीच सांगितलं होतं; माणसं उगीच बुजतात म्हणे. मला ते पटलं नव्हतं, तरी मी तसा नियम लावला. मग एका दुपारी हात आपोआप अप्पांच्या ठिपक्यावर गेला. ते पत्ते खेळत होते. एकट्यानं लावायचे असतात ते. लाल सत्ती काळ्या अठ्ठीवर ठेवायची होती, समोर दिसत होती, आणि त्यांचा बाण नुसता इकडून तिकडे फिरत होता. ठेवा ना अप्पा, मी जवळजवळ मोठ्यानं म्हणाले. त्यांनी ठेवली नाही. डाव मोडला, परत मांडला. मी पडदा बंद केला आणि अंगावर काटा आला, चोरून दाराच्या फटीतून बघितल्यासारखा. तरी नंतर बघत राहिले. रोज नाही. चार-पाच दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता. म्हणजे आम्ही दोघं एकत्र जेवायचो म्हणा, फक्त त्यांना माहीत नव्हतं. असलं काहीतरी स्वतःला सांगायचं आणि पुढचा घास घ्यायचा.

"मॅडम?" साहेब म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा ठिपक्याकडे बघितलं. राखाडी. बाथरूममध्ये ओली फरशी. गॅस. पायाची सूज, ती शेवटची कधी विचारली होती? मला आठवेना. माझ्याच बापाच्या पायाची सूज उतरली की वाढली, हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या मशीनमध्ये किती जागा शिल्लक आहे ते तोंडपाठ होतं. एकदम स्वतःचा असा काही तिटकारा आला की मी उभीच राहिले.

"पहिलं घ्या," मी म्हणाले. "दुसरं मेलेल्याला जिवंत दाखवतं."

गोडबोल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार, पण मी पाहिला नाही. साहेब म्हणाले, अहो पण तुम्हीच तर इतके दिवस दुसरं म्हणत होतात. मी म्हणाले घरी अडचण आहे, आणि लॅपटॉप न मिटताच निघाले. लिफ्ट वर कुठंतरी अडकलेली, मी जिन्यानं उतरले. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना इमारतीचं नाव चुकवलं, मग दुरुस्त केलं. उन्हात रस्ता पांढरा पडला होता. सिग्नलला शेजारच्या गाडीत एक लहान मुलगी काचेला नाक चपटं करून माझ्याकडे बघत होती आणि मला तिचा राग आला, कारण नसताना. माझ्या मनानं तोवर सगळं उरकून टाकलं होतं: दार तोडलं, डॉक्टर आणले, नवऱ्याला कळवलं, लोक जमले, आणि कुणीतरी विचारलं, शेवटचं बोलणं कधी झालं होतं हो? तिथं येऊन मन अडायचं आणि परत दारापासून सुरू करायचं. मी टॅक्सीवाल्याला म्हणाले, जरा लवकर. तो म्हणाला, उडवत नेऊ का ताई. बरोबरच होतं त्याचं.

तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चाललेली. बेल दाबली. दाबूनच धरली. आतून सावकाश चपला घासत आल्या आणि तेव्हा मी बेलवरचं बोट काढलं. दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, केस पाणी लावून विंचरलेले. "आलीस," अप्पा म्हणाले.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मशीन का बंद आहे?"

"मी केलं बंद."

"आणि फोन? किती वेळा लावला मी."

"ऐकला ना. उचलला असता तर तू फोनवरच मिटवलं असतंस."

मला भयंकर राग आला. बाप असल्यानं बोलायची सोय नव्हती म्हणून, नाहीतर मी तिथंच जिन्यात त्यांना फैलावर घेतलं असतं. इथं माझा जीव टांगणीला आणि हे दाढी करून बसलेत. मी आत जाऊन पलंगावर बसले. खोलीत बंद खिडकीचा आणि बामाचा वास होता. अप्पांनी माठातलं पाणी ओतलं, डाव्या हातानं, सांडत, आणि भांडं पुढं केलं तेव्हा मी उजवा हात बघितला. मनगटाला रुमाल करकचून बांधलेला, त्याच्या वर-खाली कातडी पिवळी, मधेच हिरवट, आणि बोटं सुजून एकमेकांना चिकटल्यासारखी. पडलो, ते म्हणाले, बाथरूममध्ये. कधी, मी विचारलं. झाले की दिवस. मागच्या महिन्यात, अखेरीला. डॉक्टरकडे? जाऊन आलो एकदा, फोटो काढायला सांगितलाय, जाऊ. ते असं सांगत होते, जसं शेजारच्या कुणाचं सांगतायत.

मागच्या महिन्याची अखेर म्हणजे तो नंबरांचा सर्व्हर पडला तो आठवडा. त्या आठवड्यात मी पडद्यासमोरून उठलेच नव्हते. "पण तुमचं मशीन तर रोज सकाळी..." मी बोलून गेले आणि थांबले.

अप्पा हसले. मिश्कील नाही, साधंच. "ती पट्टी येते ना वर," म्हणाले. "तू बघायला लागलीस की. कुणीतरी हे मशीन बघत आहे, असं लिहून येतं. मला आधी वाटलं चोर आहे. मग म्हटलं, चोर माझे पत्ते कशाला बघेल." पट्टी आली की ते नीट बसायचे, म्हणाले, पाठ ताठ करून. एकदोनदा केससुद्धा विंचरले, मग लक्षात आलं की त्यात आपण दिसत नाही.

पट्टी लपवायचा नियम मी दुकानांच्या गटावर लावला होता. अप्पांचा गट वेगळा. आणि नवा गट केला की नियम त्याच्यावर परत लावावा लागतो, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. इतके दिवस मी डबा खात बघत होते, आणि ते पाठ ताठ करून बसत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

"पडलात तेव्हा का नाही कळवलंत?"

"तू विचारलं नाहीस." आवाजात तक्रार नव्हती, असती तर मी भांडले तरी असते.

"मग मशीन कशाला लावत होतात रोज?"

"मशीन चालू असलं की तुला तिकडे दिसतं, एवढं कळलं होतं. पहिले दोन दिवस पलंगावरून उठवत नव्हतं. पण म्हटलं, बटण तेवढं दाबून यावं. बंद दिसलं तर तुझा जीव उगीच खालीवर."

मी रडले. रडायचं ठरवलं नव्हतं, आणि अप्पांसमोर तर मी आईच्या वेळीही रडले नव्हते. ते उभे राहिले, परत बसले. त्यांचा चांगला हात माझ्या पाठीपर्यंत येऊन थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला आणि मग टेकला. "आज म्हटलं नको," ते हळू म्हणाले. "आज नको चालू ठेवायला. बघू." एवढंच. माझा फोन वाजला, साहेबांचा. मी तो पालथा घातला. अप्पा त्याच्याकडे बघून म्हणाले, "काम असेल तर घे." मी म्हणाले, नाही घेत.

मग ते म्हणाले, "काढून टाक ते त्याच्यातून. म्हणजे तुला विचारावं तरी लागेल."

मी टेबलाशी गेले, मशीन चालू केलं. जुनं आहे, उठायला वेळ लावतं. एजंट काढून टाकायला घेतला, टूलनं विचारलं, नक्की काढायचं का, या मशीनवर यापुढे लक्ष ठेवता येणार नाही. मी हो म्हटलं. अप्पा मागं खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होते. काम झालं, आणि खोलीत आम्ही दोघं उरलो. काही बोलावं तर जुनेच शब्द जिभेवर आले, जेवलात का, औषध घेतलंत का. मी ते गिळले. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले, इतकी जवळ की त्यांच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात आहे ते दिसलं. डाव्या हातानं लावलं असणार.

"कसे आहात अप्पा?"

ते उत्तर द्यायला निघाले, आणि थांबले. मनगटाकडे बघितलं. मग माझ्याकडे, मी खरंच विचारतेय का ते बघत असल्यासारखं.

"बरा नाहीये गं," ते म्हणाले.